समितीत नाव अन् सभेत दांडी: हजेरीचा नियम कसा करावा?

पांदणरस्ता (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वस्ती अडीच हजाराच्या आतबाहेर, शिवाय गावापासून दीड किलोमीटरवर एक तांडा. कापूस, तूर, सोयाबीन, आणि एप्रिल लागला की टँकर. गेल्या वर्षी ग्रामसभेनं पाणीपुरवठा समिती नव्यानं नेमली. पंधरा जण, त्यात आठ बाया. समितीचं काम सल्ल्याचं. कोणत्या वस्तीत किती वेळ पाणी सोडायचं, पाणीपट्टी किती ठेवायची, मोटर जळली तर कोणाचं कोटेशन घ्यायचं, हे ठरवून पंचायतीकडे शिफारस करायची. शेवटचा ठराव पंचायतीचाच, पण समितीनं मान हलवली नाही तर सरपंचालाही तो सहजी रेटता येत नाही.

आता रडगाणं. वर्षभरात अकरा सभा लागल्या. रजिस्टरात अकराही झाल्या. खऱ्या झाल्या चार.

परवाचंच सांगतो. सकाळी अकराची सभा. सव्वाबारापर्यंत आम्ही पाच टाळकी, त्यातला एक चहा पाजून पळाला. कोरम आठचा. मग शिपायानं रजिस्टर नायलॉनच्या पिशवीत टाकलं, सायकलला अडकवलं अन् निघाला. साडेतीनला परत आला तेव्हा अकरा सह्या झाल्या होत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, कारण पेन शिपायाचा. सभेत काय ठरलं ते नंतर लिहिलं.

मी या समितीचा सदस्य, गावात कृषी केंद्र चालवतो. सरपंच म्हणाले, भाऊ तुम्ही शिकले-सवरले, हजेरीचा नियम लिहून द्या, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडू. मी एका ओळीत लिहिला: "लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व रद्द." पुरेल का? आणखी काय घालावं? ज्यांनी पंचायतीत, शाळा समितीत, सोसायटीत काम केलंय त्यांनी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

तीन कायले बाप्पा, दोनच ठेवा. पाण्याची समिती हाय का रिकामटेकड्याईचा पार? नाव पाह्यजे, बोर्डावर फोटू पाह्यजे, अन् सभेले या म्हनलं का मंग "वावरात हावो". लेकहो, वावर आमाले नाई का?

जुना_ग्रामसेवक

(बुलडाणा जिल्ह्यात तीस वर्षं नोकरी, आता निवृत्त.)

पांदणरस्ता, नियम लिहिण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्याचा नियम कायद्यातच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ४०. सलग सहा महिने सभांना पंचायतीच्या परवानगीशिवाय आला नाही तर पद गेलं. सलग चार महिन्यांहून जास्त काळ गावातच नसेल आणि रजा घेतली नसेल, तरी गेलं. तुमची समिती मात्र कलम ४९ खालची, ग्रामसभेनं नेमलेली. बारा ते चोवीस सदस्य, निम्म्या महिला, हा साचा तिथलाच. कलम ४० तिला जसंच्या तसं लावता येणार नाही, पण त्यातला एक शब्द उचला: "परवानगीशिवाय". तुमच्या मसुद्यात तो नाही. म्हणजे ज्याचा बाप वारला तोही गेला आणि जो पानठेल्यावर बसून होता तोही गेला.

दुसरं, ज्यानं नेमलं त्यानंच काढायचं. समितीनं स्वतःच्या माणसाला परस्पर काढू नये. अहवाल ग्रामसभेपुढे ठेवा, त्या माणसाला आधी लेखी विचारा, उभं राहून बोलू द्या, मग ग्रामसभा काय ते ठरवेल. हे केलं नाहीत तर पहिल्याच वर्षी बीडीओ साहेबांच्या टेबलावर तक्रारीचा गठ्ठा पडेल. मी असे गठ्ठे बांधलेले आहेत.

घरपोच सह्यांबद्दल काय बोलू. एका गावी आषाढीच्या आठवड्यात सभा दाखवली होती. त्यात ज्या बुवांची सही होती ते तेव्हा वारीत होते, पंढरपुरात. परत आल्यावर बुक्का लावूनच कार्यालयात आले, आपली सही बघितली, म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी काढली हो."

वऱ्हाडी_ठेचा

😂😂 विठ्ठलानंच मारली असंन.

सरकी

मी लिहावं की नको असा विचार करत होते. लिहितेच.

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात मी अशाच समितीत तीन वर्षं होते. तिसऱ्या वर्षी मला "सतत गैरहजर" म्हणून काढलं. खरंच गैरहजर होते, खोटं काही नाही. पण सभा कधी असायची ते विचारा. सकाळी अकरा. का? कारण साहेब तालुक्याहून येणार ते त्या वेळी, आणि गावातल्या मोठ्या माणसांची जेवणाआधीची वेळ मोकळी.

दिवाळीपासून पुढे तीन महिने बायका कुठं असतात? वेचणीला. सकाळी सातला भाकर बांधून निघायचं, ओटीला कापूस बांधायचा, संध्याकाळी काट्यावर मोजून द्यायचा. मजुरी किलोवर. यंदा आमच्याकडे दहा रुपये किलो. हात बसलेली बाई चाळीस किलो वेचते. अकराच्या सभेला जायचं म्हणजे सकाळचा दव वाळून हात चालायला लागतो तेव्हाच उठायचं, आणि परत वावरात जाईस्तोवर दीड. पुढच्या दिवशी मुकादम दुसरी बाई घेऊन जातो. म्हणजे एका सभेची किंमत चारशे रुपये नाही, आठवड्याची मजुरी. पंचायत सदस्याला बैठक भत्ता तरी आहे, समितीवाल्याला चहा. तोही सभा संपल्यावर.

सूचना कशी यायची तेही ऐका. व्हॉट्सॲप ग्रुपवर. फोन घरात एक, तो मुलाकडे, मुलगा दारव्ह्याला. मला सभेचं कळायचं सभा झाल्यावर.

दादा, तुमच्या नियमानं सगळ्यात आधी कोण जाईल याचा एकदा हिशेब करा. रजिस्टर घेऊन बसा आणि करा.

पांदणरस्ता

सरकीताई, उद्याच बसतो.

तर्कतीर्थ_पुसद

ताईंचा मुद्दा भावनिक आहे. जबाबदारी घेतली तर निभवावी लागते. वेळ नसेल तर नाव देऊ नये. खासदारालासुद्धा नियम आहे, घटनेच्या कलम १०१ मध्ये. साठ दिवस परवानगीशिवाय सभागृहात आला नाही तर जागा रिकामी.

जुना_ग्रामसेवक

पुसदकर, कलम पूर्ण वाचा. सभागृह जागा रिकामी जाहीर करू "शकते", आपोआप होत नाही. आणि साठ दिवस मोजताना अधिवेशन संपलेलं असेल किंवा सभागृह सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असेल तर ते दिवस धरत नाहीत. म्हणजे दिल्लीतसुद्धा काम बंद असताना गैरहजेरी मोजत नाहीत. आपल्याकडे कोरमअभावी न झालेली सभा मात्र बरोबर मोजली जाते, तीही जो वेळेवर आला होता त्याच्या नावावर!

यावरून आठवलं. नियमात हे नक्की घाला: सभा तहकूब झाली तरी जे आले त्यांची हजेरी लावायची, वेळ टाकून. नाहीतर पाच जण दर महिन्याला येतात, सभा होत नाही, आणि वर्षाच्या शेवटी येणारा आणि न येणारा एकाच रांगेत.

तर्कतीर्थ_पुसद

मान्य. पण वेळ नसेल तर नाव देऊ नये, यावर कोणी बोललं नाही.

सरकी

नाव मी दिलं नव्हतं. निम्म्या बाया भरायच्या होत्या, बचत गटाच्या यादीतून सचिवांनी लिहिलं. मला कळलं ते मिठाई आली तेव्हा. तरी म्हटलं, बरं झालं, पाण्याचं आपल्याशिवाय कोणाला जास्त कळतं? पाण्याची गुंड डोक्यावर कोणाच्या असते? पहिल्या दोन सभांना मी गेले. जी बाई विहिरीवर रात्री दोनला नंबर लावते तिला तिथं कोणी विचारलं नाही, आणि जे कधी बादली उचलत नाहीत ते लिटरचा हिशेब करत होते. असो. अवांतर झालं.

कोरकूपाडा

अवांतर नाही ताई, हाच धागा आहे.

मी मेळघाटात, धारणीकडे. आमच्याकडे होळी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर. जे राहतात ते एप्रिल-मेमध्ये मोह आणि तेंदूपत्त्याला पहाटेच जंगलात. तीन महिन्यांत तीन सभा लावल्या तर लागोपाठ तीनचा नियम सगळ्या समितीला लागतो, वर शिक्षक आणि दुकानदार तेवढे उरतात. आम्ही साधा तोडगा काढला: स्थलांतराला जाणाऱ्यानं जायच्या आधी सांगायचं, त्याच्या नावापुढे "बाहेरगावी" लिहायचं, आणि त्या काळात मोठा खर्च असलेला विषयच घ्यायचा नाही. अडलंच तर गुजरी भरते त्या दिवशी सभा. बाजाराला सगळेच येतात.

बांबूचं_बेट

गडचिरोलीहून नमस्कार. आमच्याकडे वन हक्काच्या ग्रामसभेला गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, असं नियमात आहे. मला वाटतं दुसरी अट पहिलीपेक्षा कामाची. पुरुष कितीही जमले तरी बाया कमी असतील तर सभा पुढं सरकत नाही. मग बायांना बोलावणं ही पुरुषांची गरज होते. सभेची वेळ कशी पटकन बदलते ते बघा!

नाहीतर साधी ग्रामसभा बघा, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. तेही भरत नाही. मग तहकूब करायची, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि दहा माणसांत गावाचा कारभार उरकायचा. ही पळवाट समितीत येऊ देऊ नका.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाचं उदाहरण सगळेच देतात म्हणून टाळत होतो, तरी एक सांगतो. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात. पटत नसलेला माणूस उठून गेला तर काम अडतं, म्हणून त्याला बसवून ठेवणं सगळ्यांची गरज. आमच्या बाकीच्या गावांत उलट आहे, विरोध करणारा आला नाही तर बरंच, असं मनातल्या मनात.

वऱ्हाडी_ठेचा

हे मातर खरं. आमच्या सोसायटीच्या आमसभेची नोटीस आमच्या गल्लीत कधीच येत नाई. २०१३ मंदी कायदा आला होता, पाच सालात एका तरी आमसभेले हजर पाह्यजे, नाईतर क्रियाशील सभासद नाई, मतदान नाई. मंग पुढं थो बदलत गेला. पन तवा काय झालं, नोटीस डकवाची रातच्या बारा वाजता, सकाळी पाह्यतो तं बकरीनं खाल्ली. अन् निवडणुकीले आमचे तीस नावं गायब. हजेरीच्या नियमानं मानूस सभेले येतेच असं नाई भाऊ, नकोसा मानूस बाहेर काढाले मातर लय कामी येते.

पांदणरस्ता

रजिस्टर घेऊन बसलो. काल रात्री दुकान बंद केल्यावर, सचिवांना चहा पाजून. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

माझा "लागोपाठ तीन" लावला तर सहा जण जातात. पाच बाया, त्यातल्या चार तांड्यावरच्या. सहावा एक जण, जो दिवाळीनंतर बायको-पोरांसह ऊसतोडीला जातो.

आणि अकरापैकी अकरा हजेरी कोणाची? तिघांची. एक माजी सरपंच, एक राशन दुकानवाला, एक जण ज्यांचं घर पंचायतीच्या समोर आहे. यातले पहिले दोघं मी खऱ्या सभेत एकदाच पाहिलेत, तेही १५ ऑगस्टच्या दिवशी, झेंडावंदन उरकून लगेच सभा होती म्हणून.

कारण एवढंच की शिपाई सायकलवर गावठाणात फिरतो. तांड्याच्या रस्त्याला दीड किलोमीटर गोटाळ चढ आहे, तिकडे तो जात नाही. म्हणून तांड्याच्या बाया गैरहजर. घरपोच सही ज्यांना मिळते ते रजिस्टरात नियमित, आणि ज्यांना मिळत नाही ते कामचुकार!

मी सहा जणांची नावं काढायचा नियम लिहून सरपंचाच्या हातात दिला होता. दोन दिवस तो त्यांच्या खिशात होता.

सरकी

🙏

तर्कतीर्थ_पुसद

हे वाचून माझा वरचा प्रतिसाद थोडा मागे घेतो. थोडाच. कारण नियम नकोच असं कोणी म्हणू नये. वेळ बदलली, नोटीस हातात दिली, तरीही न येणारे असतात आणि त्यांच्यामुळे इतरांचा दिवस बुडतो. त्यांचं काय? शिवाय "लागोपाठ तीन" ला तोडही सोपी आहे, दोन बुडवायच्या, तिसरीला येऊन चहा प्यायचा. वर्षभरात बारापैकी चारच हजेऱ्या, तरी माणूस सुरक्षित. म्हणून वर्षाला निम्म्या सभांची अटही जोडा.

जुना_ग्रामसेवक

सहमत. आणि सही करून दहा मिनिटांत उठणाऱ्यांसाठी: सही दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी. सभा संपली की शेवटच्या सहीखाली अध्यक्षांनी आडवी रेघ मारायची, वेळ लिहायची. त्या रेघेखाली कोणाचीही सही नाही. रजिस्टर कार्यालयाच्या बाहेर न्यायचं नाही. या दोन ओळी घातल्या तर बाकीचा अर्धा नियम लिहायची गरजच पडणार नाही.

बांबूचं_बेट

आणि नवरा हजर म्हणजे बाई हजर नाही, हेही लिहा. "मालक आलेत ना" म्हणून बाईच्या नावापुढे टिक मारलेली मी बघितली आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मंग आमच्या गावची समिती सारी खाली होते 😄

पांदणरस्ता

नवा मसुदा. बोलीत लिहिलाय, ग्रामसभेत वाचून दाखवायचा आहे म्हणून.

सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, रात्री आठला, सामुदायिक प्रार्थना झाल्यावर. दिवाळी ते संक्रांत दिवसा सभा लावायची नाही. जागा आलटून पालटून, एकदा समाजमंदिर, एकदा तांडा. सूचना पाच दिवस आधी, कागदावर, सदस्याच्या स्वतःच्या हातात, पोच घेऊन. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे सूचना नव्हे. गणपूर्ती आठ, त्यात तीन बाया असल्याच पाहिजेत. आजारपण, बाळंतपण, सुतक, कामासाठी स्थलांतर, यांत आधी किंवा नंतर पंधरा दिवसांत तोंडी सांगितलं तरी चालेल, सचिवानं लिहून घ्यायचं. कारण न सांगता लागोपाठ तीन, किंवा वर्षात निम्म्यांहून कमी हजेऱ्या, तर लेखी विचारणा, म्हणणं ऐकणं, आणि मग ग्रामसभेत निर्णय. सूचनेची पोच नसेल तर ती गैरहजेरी धरायची नाही. मागच्या वर्षाच्या हजेरीवरून कोणालाही काढायचं नाही, कारण ते रजिस्टर खरं नाही.

शेवटच्या वाक्यावर सचिव नाराज आहेत. "असं लिहिलं तर माझीच चौकशी लागेल" म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. एकट्या माणसाकडे दोन गावं, वरून रोज नवं ॲप.

जुना_ग्रामसेवक

"रजिस्टर खरं नाही" हे शब्द काढा. "नियम ठरावाच्या तारखेपासून लागू" एवढं पुरे. परिणाम तोच, आणि माणूस वाचतो.

कोरकूपाडा

रात्री आठला तांड्यावरच्या बायांनी गावात यायचं तर परत सोडायला कोण जाईल तेही ठरवा. आमच्याकडे त्यावरूनच सभा बंद पडली होती. आणि लाइटचं वेळापत्रक बघा.

पांदणरस्ता

हे सुचलंच नव्हतं. घालतो.

---

पांदणरस्ता

दीड-दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं.

२५ तारखेला महिला सभा झाली. ती ग्रामसभेआधी घ्यावीच लागते, पण आमच्याकडे आजवर कागदावरच होती. तांड्याच्या दोघी आल्या आणि त्यांनी मसुद्यात आणखी एक अट टाकायला लावली: सभेत बाया आधी बोलतील, पुरुष मागून. मला वाटलं होतं ग्रामसभेत यावर गोंधळ होईल. झाला नाही. गोंधळ झाला रजिस्टर बाहेर न न्यायच्या अटीवर. माजी सरपंच उभे राहून म्हणाले, "आमच्यासारख्या वयस्कर माणसाचा हा अपमान आहे." त्यावर मागून एक म्हातारी बोलली, "तुमच्याहून मी चार वर्सानं मोठी हावो, मी आलीच ना." ठराव मंजूर.

पहिली सभा दुसऱ्या शनिवारी, समाजमंदिरात. आठला लाइट गेली, साडेआठला आली, तोवर मोबाइलच्या उजेडात बसलो. आले दहा जण, बाया सहा. एक जण लेकराला मांडीवर घेऊन. पावणेदहाला सरपंचांनी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला राशन दुकानातून निरोप आला, रजिस्टर पाठवा म्हणून. शिपाई माझ्या दुकानात आला, विचारायला नाही, नुसता सांगायला. पिशवी रिकामी होती त्याच्या हातात.

परत सोडायचं काम ट्रॅक्टरवाल्या सदस्याकडे आहे. त्यानं डिझेलचं विचारलंय. त्यावर अजून काही ठरलेलं नाही.

सरकी

सगळं वाचलं. बरं वाटलं. पण दादा, पाण्याचं काय ठरलं?

पांदणरस्ता

तांड्याच्या लाइनला वॉल्व्ह उलटा बसवलेला होता ताई. चार वर्षं. तिथल्याच एका बाईनं सांगितलं, टाकी भरते तेव्हा पाइपात आवाज कोणत्या बाजूनं येतो त्यावरून. सोमवारी फिटर येतोय.